सरळ रस्ता

जुन्या गोव्यात एके काळी एक राजरस्ता होता. व्हाइसरॉयच्या वाड्यापासून मिझेरिकॉर्दियाच्या चर्चपर्यंत जाणाऱ्या या रस्त्याचे नाव होते रुआ दिरेइता, म्हणजे सरळ रस्ता. सोनार, जवाहिरे आणि सराफ यांच्या दुकानांनी तो गजबजलेला असे.

त्याचे वर्णन एका डच माणसाने करून ठेवले आहे. हार्लेम येथे जन्मलेला यान हुइखेन व्हान लिन्स्कोटेन १५८३ साली गोव्याच्या आर्चबिशपांचा चिटणीस म्हणून आला व सुमारे पाच वर्षे राहिला. १५९६ साली आम्स्टरडॅमला प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात या रस्त्याचे चित्रही आहे. त्याच ग्रंथाने त्याच्या देशबांधवांना पूर्वेची वाट दाखविली. पुढे डचांनी गोव्याच्या बंदराची नाकेबंदी केली आणि वेंगुर्ल्यास वखार घातली. हे वेंगुर्ले १९८१ पर्यंत आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होते.

लिन्स्कोटेन सांगतो की, रविवार व सणाचे दिवस सोडून रोज सकाळी सात ते नऊ या रस्त्यावर लिलाव चाले. अरबी घोडे येत, जडजवाहीर येई, मृतांच्या घरची चीजवस्तू येई; आणि माणसेही येत. गुलाम म्हणून त्यांची बोली लागे. प्रभूच्या दिवशी बाजार बंद ठेवणाऱ्या भाविकांना सोमवारी त्याच रस्त्यावर माणूस विकत घेताना काही वाटत नसे, हे वाचून आमचे मन खिन्न झाले.

रोगराईने आणि घटत्या व्यापाराने ते नगर ओसाड पडले. १७५९ साली व्हाइसरॉय पणजीस राहावयास गेले; १८४३ साली राजधानीही अधिकृतपणे तेथे गेली. वाड्यांचे चिरे काढून नव्या शहरातील बांधकामास नेण्यात आले. जेथे दुकानांच्या रांगा होत्या, तेथे आता माडांची सावली आहे.

२०२४ च्या डिसेंबरात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनास आम्ही सहकुटुंब गेलो, तेव्हा थोडी वाट वाकडी करून व्हाइसरॉयची कमानही पाहिली. फ्रान्सिस्को द गामा याने ती आपला पणजोबा वास्को द गामा याच्या स्मरणार्थ उभारली. आमच्या धाकटीने विचारले, "विकलेल्या माणसांची नावे कुठे लिहिली आहेत?"

ती कोणत्याही दगडावर लिहिलेली नाहीत. म्हणून २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही घरच्या नावांच्या यादीखाली आता एक ओळ अधिक लिहितो : सरळ रस्त्यावर विकल्या गेलेल्या सर्वांसाठी.