थरथर इंजिनची, आळ क्लचवर

जुन्या गाडीच्या थरथरीची घरातल्यांना इतकी सवय होते की ती कुणाला जाणवेनाशीच होते. आमच्या मारुती आठशेची पंधरा वर्षं भरली, आरटीओत पुन्हा पासिंग होऊन पाच वर्षांची मुदत मिळाली, आणि तेव्हापासून ‘जुनी गाडी आहे, चालायचंच’ हे घरात सर्वमान्य झालं. सिग्नलला थांबलं की स्टिअरिंगने हाताला मुंग्या यायच्या. आरसा एवढा हलायचा की मागच्या गाडीचा नंबर वाचता येत नसे. पहिल्या गिअरला क्लच सोडला की बॉनेटखालून ‘धप्प’, रिव्हर्सला त्याहून मोठा. क्लच प्लेट गेली, असा निकाल शेजाऱ्यांपासून पेट्रोल पंपावरच्या पोरापर्यंत सगळ्यांनी दिला. एका गॅरेजने तर गिअरबॉक्स उतरवायचं एस्टिमेटच हातात ठेवलं.

आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी आधी प्लग काढले. “मॅडम, तिन्ही सिलिंडर नीट जळतायत का, ते बघू. एक मिस मारत असेल तरी गाडी अशीच हलते.” तिन्ही प्लगचा रंग सारखाच तपकिरी निघाला, म्हणजे तिन्ही नीट जळत होते. तीन सिलिंडरचं इंजिन जात्याच थोडं डुलतं. पिस्टन वर-खाली होताना इंजिनची दोन टोकं आळीपाळीने उचलली जातात. ते डुलणं बॉडीपर्यंत पोहोचू द्यायचं नाही आणि इंजिनही जागचं हलू द्यायचं नाही, अशी दुहेरी नोकरी फाउंडेशनची, म्हणजे इंजिनच्या माउंटिंगची. दोन लोखंडी तुकड्यांमध्ये घट्ट चिकटवलेलं रबर, एवढाच तो जिन्नस.

तेच तपासायला मागच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक ओढला. मिस्त्री बॉनेटच्या बाजूला उभे राहिले. अशा वेळी गाडीच्या पुढे कुणी उभं राहायचं नाही, हा त्यांचा नियम. मी ब्रेक दाबून पहिला गिअर टाकला आणि क्लच अर्ध्यावर आणला. मग त्यांनी मला खाली उतरवलं, स्वतः आत बसले आणि म्हणाले, “आता तुम्ही बघा.” क्लच सुटू लागताच अख्खं इंजिन मागे कलंडलं, रेडिएटरचा पाइप ताणला गेला. रिव्हर्सला ते पुढे झेपावलं आणि क्लच दाबताच धप्पकन जागेवर पडलं. चांगल्या फाउंडेशनवर इंजिन कलतं, पण जेमतेम बोटभर. आमचं तर जवळजवळ उडीच मारत होतं.

टॉर्च खाली नेल्यावर कारण दिसलं. मागच्या माउंटिंगचं रबर लोखंडापासून सुटलं होतं. फटीत व्हिजिटिंग कार्ड आरामात गेलं. बाजूच्या माउंटिंगचं दुखणं वेगळं होतं. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपणारं ऑइल त्यावर ठिबकून रबर भिजवलेल्या खारकेसारखं फुगलं होतं. म्हणजे ते पॅकिंगही आलं, नाहीतर नव्या रबराची तीच गत.

नवी माउंटिंग आणायला मी नाना पेठेतल्या दुकानात गेले. स्वस्तातलं माउंटिंग अंगठ्याने दाबून पाहिलं, तर दगड! कडक रबराने ‘धप्प’ जाईल, पण थरथर थेट सीटखाली येईल. फाटलेलं एकच बदलावं, असा दुकानदाराचा सल्ला होता. मला तो पटला नाही. एक नवं आणि बाकीची खचलेली असली की इंजिन तिरकं बसतं आणि नव्यावरच ताण येतो. मी सगळीच घेतली, महागातली.

सम्पखाली, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली, आधी लाकडी फळी, मग जॅक. बोल्टवरचा भार सुटेल इतकंच उचलायचं. नुसता जॅक लावला तर सम्पचा पत्रा चेपतो. एक माउंटिंग काढायचं, तिथे नवं बसवायचं, मगच पुढच्याला हात. मागचा बोल्ट गंजून असा धरला होता की तेल सोडून चहा होईपर्यंत थांबावं लागलं. नवं माउंटिंग जागेवर आलं, पण भोकं जुळेनात. मिस्त्रींनी टॉमी घालून इंजिन किंचित रेटलं आणि मी बोल्ट सरकवला. सगळे बोल्ट आधी हातानेच लावले. जॅक काढला, इंजिन थोडा वेळ चालू ठेवून आपल्या वजनाने बसू दिलं आणि मग पाना लावला. जॅकवर असतानाच आवळलं तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. घाईच्या गॅरेजमध्ये नेमकी हीच पायरी गाळली जाते.

आता सिग्नलला आरशात मागचा नंबर वाचता येतो. स्टिअरिंग थोडं गुणगुणतं, पण तीन सिलिंडरला तेवढं माफ. क्लच प्लेट अजून जुनीच आहे आणि चांगली चालते. फक्त पुढून नवाच एक फरफर आवाज येऊ लागला. गाडी पुन्हा नेली. मिस्त्री खाली वाकले आणि सायलेन्सरच्या पुढच्या पाइपवरची बारीक चीर दाखवत म्हणाले, “नवा नाही हो मॅडम, इंजिन नाचायचं तेव्हापासूनचा आहे. आता बाकीचं गप्प झालं म्हणून ऐकू येतोय.” गाडी तशीच शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडे लावली.