देठ दिसू दे

1 जून 2024, शनिवार

मजऱ्यावरचा पहिला दिवस. इथे ओमानात शेताला मजरा म्हणतात आणि तिथे राबणारे बांगलादेशी भाऊ मालकाला अरबाब. अरबाबला रोजच्या मालाचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचेत. माझा कॅमेरा पुण्याहून आल्यापासून कपाटात पडून होता. मोबदला काय, तर फोटोत बसेल ते घरी न्यायचं. मी लगेच हो म्हटलं.

पहाटे साडेपाचला पोचले. एसी गाडीतून उतरून कॅमेरा बाहेर काढला, तर भिंगावर धुकं. पुसलं, पुन्हा धुकं. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि जूनची दमट हवा. गार भिंगाची गत फ्रिजमधून काढलेल्या तांब्यासारखी. पाऊण तास गेला. तोवर सूर्य चांगलाच वर आला आणि भेंडीच्या ढिगावर खजुराच्या झावळ्यांच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या पडल्या. वीस फोटो काढले. भेंडी कमी, झेब्रा जास्त.

4 जून, मंगळवार

धुक्यावर उपाय सापडला: निघण्याआधी कॅमेरा पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करायचं आणि मजऱ्यावर पोचल्यावर अर्धा तास ती पिशवी उघडायचीच नाही. पाणी सुटलंच तर पिशवीवर सुटतं. तेवढ्यात चहा होतो.

पण फोटो पाहून अरबाब फक्त 'जैन, जैन' म्हणाला. म्हणजे छान, छान. दोनदा म्हटलेल्या छानवर माझा विश्वास नाही. रात्री नवऱ्याला दाखवले. तो सोहारच्या बंदराकडच्या कामावरून थकून आलेला. म्हणाला, "मस्त. जेवायला काय आहे?" मग आईला पाठवले.

आई नारायणगावच्या बाजारात तीस वर्षं पाटी घेऊन बसली. कॅमेऱ्यातलं तिला काही कळत नाही. दहा मिनिटांत तिचा आवाज आला: "अगं, भेंडी निबर आहे का कवळी? काहीच कळंना. पाणी मारलंयस ना वरून? पाणी कशाला मारतात ते मला नको शिकवू."

मारलं होतं. नुसतं पाणी नाही, निम्मं ग्लिसरीन घालून, म्हणजे थेंब ओघळत नाहीत, तासभर टिकतात. जाहिरातवाल्यांची जुनी युक्ती. मला वाटलं होतं, दव दिसेल.

7 जून, शुक्रवार

आज मृग. आईकडे सकाळीच शिडकावा झाला म्हणे. इथे आभाळ जस्ताच्या पत्र्यासारखं.

सुट्टीचा दिवस, म्हणून घरीच फोटो काढले. पूर्वेच्या खिडकीशी पाट, पाटावर भेंड्या, समोर थर्माकोलचा तुकडा. खिडकीतला उजेड एका कुशीवर पडतो आणि थर्माकोल त्यातला थोडा दुसऱ्या कुशीला परत देतो. उजेड असा बाजूने आल्यावर भेंडीवरची बारीक लव दिसली. समोरून फ्लॅश मारला की ती पार पुसली जाते आणि भेंडी प्लास्टिकची होते. म्हणजे आई कवळी-निबर विचारत होती ते बरोबरच होतं. बाजारात बायका टोक मोडून बघतात. फोटोत टोक मोडता येत नाही, मग लव तरी दिसायला हवी.

आईचं उत्तर: "आता बरी. पण सगळ्यांची तोंडं माझ्याकडं का? देठ कुठंय?"

8 जून, शनिवार

देठ! चार दिवस मी भाजीची तोंडं फिरवून फिरवून बघत होते. ताजेपणा देठाशी असतो. कापल्या जागी ओल असते, रंग फिका हिरवा असतो. दुसऱ्या दिवशी ती जागा तपकिरी पडते, मग आक्रसते. वांग्याचा मुकुट घट्ट आणि काटेरी आहे का, काकडीचं टोक मऊ पडलंय का, हे गिऱ्हाईक आधी बघतं. मीही भाजी घेताना तेच बघते. कॅमेरा हातात आला आणि मी माझ्या आईची मुलगी राहिले नाही, हे जरा लागलं.

वांग्यानं वेगळंच छळलं. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करड्या उजेडाचं धरून मोजतो. काळंभोर वांगं पुढे आलं की त्याला वाटतं अंधार आहे, मग तो उजेड वाढवतो आणि वांगं राखेत लोळल्यासारखं दिसतं. त्याचं उजेडाचं माप दीड टप्पा खाली उतरवलं, तेव्हा वांगं वांग्यासारखं झालं.

13 जून, गुरुवार

लिंबं. अरबाब आज पहिल्यांदा खरं बोलला. मोडक्या हिंदीत म्हणाला, हे माझं लिंबू नाही, हे संत्रं आहे. बघितलं तर खरंच. खजुराच्या चटईवर रास केली होती, वर झावळ्यांचं छप्पर, बाजूला मातीची भिंत. चहूकडून परतलेला तपकिरी उजेड आणि त्यात रंगाचा हिशेब मी कॅमेऱ्यावर सोडलेला. पांढरा कागद ठेवून आधी त्याचा एक फोटो घेतला, तो पांढरा म्हणून कॅमेऱ्याला दाखवला आणि मग लिंबं घेतली. अरबाबने मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि या वेळी 'जैन' एकदाच म्हणाला.

त्याला लिंबाचं एवढं का लागतं, ते नंतर कळलं. बाटिनाच्या या पट्टीत खजुराच्या सावलीत लिंबू आणि खाली गुरांसाठी लसूणघास अशी जुनी रीत. 1970च्या दशकात लिंबावर एक रोग आला: फांदीच्या टोकाला बारीक, फिकट पानांचा केरसुणीसारखा झुबका फुटतो आणि काही वर्षांत झाड जातं. लाखो झाडं गेली. त्यात उपसा वाढून समुद्राचं खारं पाणी विहिरींत शिरलं. अरबाबच्या वडिलांच्या वेळी लिंबं मिठाच्या पाण्यात उकळून, उन्हात काळी होईस्तोवर वाळवून लुमी करायची आणि ती बोटीने बाहेर पाठवायची. आता त्याच्याकडे अकरा झाडं आहेत. मोजून दाखवली. अकरा झाडांवरचं लिंबू संत्र्यासारखं दिसलं, तर माणूस बोलणारच.

साडेबाराला काम बंद. जून ते ऑगस्ट दुपारी साडेतीनपर्यंत उन्हात राबवायला इथे कायद्याने मनाई आहे. फोटोलाही ती वेळ वाईटच.

17 जून, सोमवार

ईद. मजरा बंद. अरबाबच्या घरून नघाल जातीच्या रुतबाची, म्हणजे ओल्या खजुराची, ताटली आली. हा खजूर सगळ्यांच्या आधी पिकतो. एकच फळ, देठाकडे पिवळं नि करकरीत, टोकाकडे मधाच्या रंगाचं, मऊ. उजेडाकडे तोंड करून, म्हणजे प्रकाश फळामागून येईल असा फोटो घेतला. पिकला भाग आतून पेटल्यासारखा झाला.

आईला खजुराच्या ताजेपणाची परीक्षा ठाऊक नाही, म्हणून तिने गप्प बसावं ना? "खारीक अशी असते होय ओली?" तिला सांगितलं की ओमानात मबसली जातीचा पिवळा खजूर मोठ्या हंड्यांत उकळून वाळवतात आणि तो पूर्वापार हिंदुस्थानात जात आलाय. थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "तुझ्या वेळी बाळंतपणात खाल्ली ती तिकडचीच असेल." असेलही.

21 जून, शुक्रवार

वटपौर्णिमा. वड कुठला, कागदावर काढला. ओटीला मजऱ्यावरचे पाच आंबे, मुठीएवढे. त्यांचाही फोटो घेतला, एकावर चिकाचा डाग तसाच ठेवून. नवरा म्हणाला, डाग पुसून टाक ना, कॉम्प्युटरवर दोन सेकंदांचं काम. नाही पुसला. चिकाचा ओघळ म्हणजे आंबा नुकताच उतरवलाय.

फोटोत सुंदर काय नि ताजं काय, यावरून आईशीही वाद झाला. एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने 1930 साली ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून काढलेला जगप्रसिद्ध फोटो तिला पाठवला होता. पिळदार, एकमेकांत गुंतलेल्या पाठींसारखी मिरची. आई म्हणाली, "वाकडी आहे. ही ढिगात खाली घालायची." थोड्या वेळाने दुसरा निरोप: "पण सुकलेली नाही हां." वेस्टनच्या फोटोवर बरंच लिहिलं गेलंय, पण ती ताजी होती का, हे आईशिवाय कुणी पाहिलं असेल असं वाटत नाही.

25 जून, मंगळवार

पहाटे भेंडीच. पोत्याच्या तरटावर, उजेड डावीकडून, पाणी नाही, ग्लिसरीन नाही. सहा भेंड्या देठ पुढे करून, एक मधोमध मोडलेली, कडेला चिकाची बारीक तार. आईला पाठवला आणि तिच्या टीकेची वाट बघत बसले.

आवाज आला: "कशी दिली?"

"सहाशे बैसा किलो."

"रुपयात सांग."

"एकशे तीसच्या आसपास."

"महाग दिली गं. वर कोथिंबीर तरी घातली का?"