मॅनहटन बीच : चेंडू उचलून देणाऱ्या हातांचा किनारा

लेकी-सुनांकडे अमेरिकेला जाऊन येणं आपल्याकडे आता पूर्वीइतकं नवलाचं राहिलेलं नाही. बाळंतपण, नातवंडांच्या सुट्ट्या अशा निमित्तानं आपल्यातल्या कितीतरी जणी तिकडे दोन-चार महिने राहून येतात. लॉस एंजेलिसला गेलात की डिस्नेलँड आणि हॉलीवूड तर होतंच. पण एक शनिवारची सकाळ राखून ठेवा आणि मॅनहटन बीचवर जा. नावावरून न्यूयॉर्क समजू नका हं! हे छोटंसं गाव लॉस एंजेलिसच्या विमानतळाच्या दक्षिणेला, पॅसिफिक महासागराच्या काठी आहे.

मे-जूनमध्ये जाणार असाल तर स्वेटर बरोबर घ्या. त्या दिवसांत सकाळी समुद्रावरून ढगांची दाट चादर येते आणि दुपारपर्यंत हलत नाही. तिथले लोक तिला ‘जून ग्लूम’ म्हणतात. कोकणातल्या समुद्राच्या कोमट पाण्याची सवय असेल, तर इथे पाय बुडवताच अंगावर काटा येतो!

उताराचा रस्ता संपला की समोर समुद्रात शिरलेला काँक्रीटचा लांब धक्का दिसतो. त्याच्या टोकाला लाल कौलांची छोटी इमारत आहे, तिच्यात लहानसं मत्स्यालय आहे. नातवंडं तिथे रमतात. आपण मात्र धक्क्याच्या कठड्याशी उभं राहून खाली बघावं. उजवीकडे जाळ्या, डावीकडे जाळ्या, नजर पोचेल तिथवर वाळूत रोवलेले खांब! वाळूवरच्या व्हॉलीबॉलचं हे माहेरघरच म्हणा ना. इथली मोठी स्पर्धा १९६० पासून भरते आहे आणि विजेत्यांची नावं या धक्क्यावरच ब्राँझच्या चकत्यांवर कोरून बसवली आहेत.

या खेळाची गंमत अशी, की व्हॉलीबॉल मुळात १८९५ साली अमेरिकेत जन्मला तो बंद दालनात खेळण्यासाठी. वाळूवर तो पहिल्यांदा उतरला हवाई बेटांत, वायकीकीच्या किनाऱ्यावर, १९१५च्या सुमारास. तिथून तो कॅलिफोर्नियात आला. आणि १९२०-३०च्या दशकांत मॅनहटन बीचची वाळू बोटींत भरून वायकीकीला गेली! तिकडून खेळ आला, इकडून वाळू गेली. जुन्या काळच्या वाटी-वाटीच्या देवघेवीसारखंच झालं हे.

माझी लेक दर शनिवारी इथे शिकायला येते. वर्गात दहा-बारा बायका. कुणी विशीतली, कुणी दोन मुलांची आई, एक तर चांगली सत्तरीची. त्या दिवशीचा धडा होता ‘सेट’चा, म्हणजे जोडीदारणीला मारता येईल असा चेंडू उचलून देण्याचा. आपल्याकडची मुलं त्याला ‘लिफ्ट देणं’ म्हणतात. मी वाळूत खुर्ची टाकून बसले आणि दोन तास कसे गेले ते कळलं नाही.

बघायला सोपं वाटतं, पण किती बारकावे आहेत म्हणून सांगू! वरच्या फळीवरून गोल पातेलं उतरवताना आपले हात जसे होतात, तसे हात कपाळाच्या किंचित वर न्यायचे. बोटं पसरलेली, पण ताठ नाहीत. दोन्ही अंगठे आणि तर्जनी यांच्यामध्ये एक त्रिकोणी खिडकी होते, तिच्यातून येणारा चेंडू पाहायचा. तळवा लागू द्यायचा नाही, सगळं काम बोटांच्या पेरांचं. गुडघे वाकवून पायांतून जोर आणायचा आणि दोन्ही हात एकदम, सारख्या जोरानं वर सोडायचे. एक हात जरा पुढे गेला की चेंडू गिरक्या घेत जातो. मग दोन हात वेगवेगळे लागले असं धरून पंच गुण प्रतिस्पर्ध्याला देऊ शकतात. बोटांत चेंडू क्षणभर मऊ विसावलेला चालतो, पण धरून फेकलेला नाही. पोळी तव्यावर टाकताना हात जसा हलका सोडतो ना, तसंच काहीसं.

नवशिक्यांना म्हणूनच आधी दुसरी रीत शिकवतात. दोन्ही हात जोडून, कोपरं सरळ ठेवून, मनगटाच्या वरच्या सपाट भागावर चेंडू घ्यायचा आणि पायांनी उचलायचा. हात हलवायचे नाहीत. ‘झाडू मारू नका, ताट धरा,’ असं लेकीनं मला मराठीत समजावलं!

खरी परीक्षा पायांची असते. वाळूत पाय रुततात. धावत धावत चेंडू उचलायला गेलं की तो भलतीकडे जातो. आधी पोचायचं, थांबायचं, जिकडे चेंडू द्यायचा तिकडे खांदे वळवायचे, आणि मग हात उचलायचे. त्यातून दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. मग उंच दिलेला चेंडू वाऱ्याबरोबर वाहून जातो, म्हणून वारा असेल तेव्हा तो बुटका द्यायचा. जाळीला अगदी चिकटून नाही, थोडा अलीकडे.

आणि एवढं करूनही उचलून देणारीचं काम संपत नाही, बरं का! मारणारीची नजर चेंडूवर असते. त्या क्षणी दुसरीनं पलीकडे बघून ओरडायचं, ‘सरळ’ किंवा ‘तिरपा’, म्हणजे मोकळी जागा कुठे आहे ते सांगायचं.

सहा जणींच्या व्हॉलीबॉलमध्ये हे काम बहुधा एकीच्याच वाट्याला येतं. ती जन्मभर उचलून देते, टाळ्या मारणारीला. वाळूवर मात्र बाजूला दोघीच, आणि आठ मीटर लांबी-रुंदीचं अंगण सांभाळायचं. पहिला चेंडू जिच्याकडे येईल ती झेलते, दुसरी उचलून देते, आणि झेललेली मारते. पुढच्या चेंडूला पाळी बदलू शकते. म्हणजे दोघींनाही दोन्ही कामं यावीच लागतात.

घरी परतताना लेक म्हणाली, “आई, आठवडाभर मी मुलांना, ह्यांना, ऑफिसला चेंडू उचलूनच देत असते गं. इथे आले की मलाही कुणीतरी उचलून देतं.” मी काहीच बोलले नाही. तिचे दोन तास जावई मुलांना सांभाळतात, स्वयंपाकही उरकून ठेवतात, हे मी पाहतच होते. आपल्या घरांत आपण सारं आयुष्य इतरांच्या हातांशी नेमका चेंडू पोचवतो, आणि त्यात कौशल्य आहे, कमीपणा मुळीच नाही. पण पाळी बदलते का? हा प्रश्न तुम्हीही घरात एकदा विचारून बघा.

याच वाळूनं केरी वॉल्श जेनिंग्ज आणि मिस्टी मे-ट्रेनर यांच्यासारख्या खेळाडू पाहिल्या. दोघींनी मिळून २००४, २००८ आणि २०१२ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली. लंडनला तिसरं पदक घेताना केरी दोन मुलांची आई होती आणि तिसऱ्या वेळची तिला नुकतीच चाहूल लागली होती!

धक्क्याच्या उत्तरेला चालत गेलात तर उतारावरची हिरवळ लागेल. तिथे दोन मिनिटं थांबा. विला ब्रूस या कृष्णवर्णीय बाईनं १९१२ साली तिथे जागा विकत घेऊन, ज्यांना इतर किनाऱ्यांवर मज्जाव होता त्या आपल्या लोकांसाठी विश्रामस्थान काढलं. १९२४ साली गावानं बागेचं कारण पुढे करून ती जमीन काढून घ्यायला सुरुवात केली. वारसांना ती परत मिळाली २०२२ साली. ज्या वाळूवर आज कुणीही खेळू शकतं, तिथे पाय ठेवण्यासाठी कुणाला किती झगडावं लागलं, हेही नातवंडांना सांगायला हवं.

जाताना टोपी, पाण्याची बाटली आणि जाड मोजे न्या. भर उन्हात वाळू तापते. पण त्यासाठी अमेरिकेलाच जायला हवं असं नाही. घरी चटईवर उताणं पडा आणि हलका चेंडू कपाळावरून सरळ वर सोडून बोटांनी झेला. रोज दहा मिनिटं. चेंडू न फिरता वर गेला आणि तिथेच परत आला, की तुमचे हात तयार झाले म्हणून समजा. मग शेजारणीला हाक मारा. दोघी पुरतात!