कणीक मळता मळता

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम, शेतकाम करता करता त्यांना गाणी सुचत. मुलगा सोपानदेव यांच्यामुळे ती टिकली. १९५२ साली पुस्तक निघालं, तेव्हा त्या हयात नव्हत्या.

माझ्या सासूबाईही पोळ्या लाटताना स्तवनं रचायच्या. हात कामात, मन मोकळं. एकच शब्द दहादा बदलायच्या. कुणी ऐकतंय का, याची फिकीर नाही. मी मात्र म्हणायचे, “आई, भाजी करपतेय!”

आता त्यांना फारसं आठवत नाही. काल वही घेऊन बसले. दोन ओळींवर अडल्या. म्हणाल्या, “कणीक दे गं मळायला.”

परात पुढे ठेवली. मळता मळता तिसरी ओळ आली.