आई, झाकण नको लावूस!

ज्याच्या घरी जुना लॅपटॉप पडून नाही असा ऑफिसवाला आज शोधूनही सापडणार नाही. बिजागरी ढिली, दोन बटणं गायब, आणि एक्स्चेंजमध्ये दुकानदार जी किंमत सांगतो ती ऐकून अपमान आपलाच झाल्यासारखा वाटतो. तर बॉस, विकू नका. त्यावर लिनक्स टाका आणि घरचा सर्व्हर करा. वीज कमी खातो, आवाज नाही आणि बॅटरीमुळं यूपीएस फुकटात. लाईट गेली तरी गडी चालूच!

माझा सर्व्हर कोल्हापुरात, शुक्रवार पेठेतल्या घरी. मी पुण्यात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४३ फूट!) आणि आमच्या तळमजल्यावरच्या ट्रंकेतले अल्बम तीन दिवस पाण्यात राहिले. फोटो एकमेकांना चिकटून जाडजूड पुठ्ठा झाला. बाबा २०१६ साली गेले, म्हणजे नवे फोटो येणार कुठून? जे सुटून निघाले ते स्कॅन केले, लॅपटॉपवर ठेवले. आई ते मोबाईलवर बघते. रोज रात्री दोन वाजता त्यांची कॉपी पुण्यात माझ्या डिस्कवर उतरते.

म्हणजे उतरायला हवी.

जुलै २०२४. पाऊस थांबायचं नाव घेईना, पंचगंगेनं पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. मी आपली सहज पुण्याची कॉपी तपासली, तर शेवटची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची! आणि नेमक्या त्याच दिवसांत आत्याकडचे बाबांचे कॉलेजमधले साठेक फोटो भाच्यानं सर्व्हरवर चढवले होते. मूळ फोटो परत आत्याकडे, प्रयाग चिखलीत. पूर म्हटलं की हे गाव आधी आठवावं, अशी तिथली परिस्थिती.

आईला फोन लावला.

"रातभर दिवा कशाला जाळायचा रे? मी लावतो की झाकण रोज." (आमच्या कोल्हापुरात बायकाही 'मी येतो, मी जातो'च म्हणतात. पुणेकरांनी हसू नये.)

"अगं, झाकण लावलंस की ते झोपतं."

"मग झोपू दे की. तू पण झोप."

आता यावर काय बोलणार? नवा इंटरनेटचा डबा हॉलमध्ये बसवल्यापासून लॅपटॉपही हॉलमध्ये आला होता, आणि आई हॉलमध्येच झोपते. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि मागून रात्रभर उजेड, तोही थेट तिच्या तोंडावर. वर विजेची चिंता. हिशेब केला तर तिचंही अगदीच खोटं नव्हतं. पडद्याचा दिवा ४ वॅट धरला तरी महिन्याला जवळपास ३ युनिट, कुणी बघत नसताना!

गंमत म्हणजे पूर्वी लिनक्स हे काम आपणहून करायचं. दहा मिनिटं कुणी बटण दाबलं नाही की पडदा काळा. २०१७ मध्ये कर्नलच्या ४.१२ आवृत्तीत ही सवय काढून टाकली. कारण दिलं ते असं, की यानं वीज काही वाचत नाही आणि मशीन कोसळलं तर शेवटचा संदेशही दिसत नाही. पटण्यासारखं आहे. एलसीडीचा पडदा काळा होणं वेगळं आणि त्याच्या मागचा दिवा विझणं वेगळं. खोलीतला लाईट घालवून बघा, काळा पडदाही मंद चमकताना दिसतो. 'कन्सोलब्लँक' ही जुनी सोय आजही चालू करता येते, पण दिवा खरंच विझतो का हे मशीनवर अवलंबून.

सकाळी आईनं झाकण उघडल्याबरोबर मी पुण्यातून आत शिरलो. आधी 'लॉगइंड' च्या सेटिंगमध्ये 'हँडललिडस्विच' ला 'इग्नोर' केलं, म्हणजे झाकण लावलं तरी मशीन जागं. (पण काही लॅपटॉप कीबोर्डमधून गरम हवा सोडतात, त्यांचं झाकण उघडंच बरं.) मग 'सिस' मधल्या 'बॅकलाईट' फोल्डरमध्ये 'बीएल_पॉवर' नावाची फाईल असते, तिच्यात ४ लिहिलं. दिवा बंद! ० लिहिलं की परत चालू. मशीन सुरू होताच हे आपोआप व्हावं म्हणून एक ओळ टाकून ठेवली.

त्या रात्री दोन वाजता मी जागाच होतो. फायली एकेक करून उतरत होत्या. साठावा फोटो आला तेव्हा अडीच वाजले होते. पांढरा शर्ट, सायकल, मागं रंकाळा, आणि बाबा माझ्यापेक्षा लहान.

चार दिवसांनी पाणी ओसरायला लागलं आणि आईचा फोन आला. मला वाटलं आता शाबासकी मिळणार.

"ते यंत्र बंद पडलंय काय रे?"

"नाही गं, चालू आहे. फक्त दिवा घालवलाय. तुलाच त्रास होत होता ना?"

"व्हय, पर रात्री पाण्याला उठल्यावर वाट दिसायची की त्या उजेडात."

आता रात्री दहा ते पहाटे पाच पडदा उजळतो, पण सगळ्यात कमी प्रकाशावर. झाकण उघडं असतं.