मुका पट्टा

गाडीतल्या बहुतेक वस्तू जाण्याआधी बोंब मारतात. ब्रेकचे पॅड संपत आले की किंचाळतात, क्लच करपल्याचा वास सोडतो, चाकाचं बेअरिंग जालना-अंबड रोडला लागलं की घुमायला लागतं, आणि सायलेन्सर फुटला तर ती बातमी गल्लीत आपल्याआधी पोचते. टायमिंग बेल्ट मात्र मुका. त्याला एक चीर पडो की पन्नास, इंजिन आपलं सुरात चालू असतं. मग कधीतरी, ओव्हरटेक करताना म्हणा किंवा फाटकातून गाडी बाहेर काढताना म्हणा, तो तुटतो. वॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो, पिस्टनांना जोडलेला क्रँक फिरतच राहतो, वर येणारे पिस्टन उघड्या राहिलेल्या वॉल्व्हवर आदळतात, आणि एका पट्ट्यापायी अख्खं हेड उतरवायची पाळी येते. काही इंजिनांत वॉल्व्ह आणि पिस्टन यांची गाठ पडणार नाही एवढी जागा राखलेली असते. माझ्या गाडीत नाही.

पट्टा म्हटला की आमच्या पिढीला आधी पिठाची गिरणी आठवते. मोटरपासून चक्कीपर्यंत गेलेला चपटा, रुंद पट्टा, मध्ये एक जोड, आणि तो जोड पुलीवरून जाताना होणारा ठराविक टक् टक्. ज्वारीचा घास जास्त झाला की तो घसरायचा. गिरणीवाला पीठ माखलेल्या हातानं राळ लावायचा, की पुन्हा पकड यायची. मळणी यंत्राच्या पट्ट्याचंही तेच. तिथे घसरणं ही सोय होती. आत काही अडकलं तर पट्टा घसरायचा आणि मोटर वाचायची. टायमिंग बेल्टला दात दिले आहेत ते घसरण्याची ही मुभा काढून घेण्यासाठीच. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची बरोबर एक फेरी, त्यात एका दाताचंही इकडेतिकडे चालत नाही. इंजिन ६००० आरपीएमवर असेल तर क्रँक सेकंदाला १०० वेळा फिरतो आणि प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडून मिटतो. एवढ्या धावपळीत दोघांची टक्कर होऊ न देणारी वस्तू कोणती, तर रबर, त्याच्या पोटात काचतंतूंचे दोर आणि दातांवर नायलॉनचं कापड.

हा दातांचा पट्टा जन्माला आला तो शिवणयंत्रासाठी. १९४०च्या दशकात अमेरिकेत सिंगर मशीनची सुई आणि खालचा बॉबिन यांचा मेळ चुकू नये म्हणून तो घडवला गेला. सुई खाली येते त्या क्षणी खालच्यानं तिथे नसायला हवं, एवढाच तो प्रश्न. वॉल्व्ह आणि पिस्टनचा प्रश्न दुसरा काय आहे? कापडाच्या जागी स्फोट, एवढंच. मोठ्या संख्येनं बनणाऱ्या मोटारीत हा पट्टा पहिल्यांदा आला १९६२ साली, ग्लास या जर्मन कंपनीच्या छोट्या गाडीत. आणि १९६६ला फियाटनं १२४ स्पोर्टमध्ये तो दोन कॅमशाफ्टच्या इंजिनाला जोडला. त्या इंजिनाचा कर्ता ऑरेलिओ लाम्प्रेदी. त्याआधी तो फेरारीची इंजिनं करायचा. तोवर डबल कॅम म्हणजे श्रीमंतांचं प्रकरण. पट्टा स्वस्त, हलका, आवाज न करणारा. त्याच्या जोरावर शर्यतीतलं इंजिन सामान्याच्या गाडीत आलं.

पुढे फेरारीनंही पट्टाच स्वीकारला, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. सचिन तेंडुलकरला २००२ साली सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर शर्यतपटू शूमाकरच्या हातून मिळालेली लाल ३६० मोडेना आठवते? ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली म्हणून फियाटनं दिलेली. तिच्या आयात शुल्कावरून पुढे देशभर एवढा गदारोळ झाला की आमच्याकडच्या पानटपऱ्यांवरही कस्टम्सचे जाणकार निघाले. पण तिच्या व्ही-८ इंजिनाच्या पट्ट्यांवर कुणी बोललं नाही. ते सीटच्या पाठीमागच्या पडद्याआड असतात. आधीच्या ३५५ मॉडेलला पट्टे बदलायचे तर अख्खं इंजिन उतरवावं लागे. ३६०ला ते झाकण काढून भागतं, ही तेव्हा मोठी सुधारणा मानली गेली. गाडी पळो की गॅरेजात झाकून राहो, ठराविक वर्षांनी पट्टे काढून टाकायचे. बियाण्याच्या पिशवीसारखं हे. वरून दाणा कितीही टणक दिसला तरी मुदत संपली की संपली. बियाण्यांच्या धंद्यावर वाढलेल्या आमच्या जालन्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

माझी गाडी अर्थात फेरारी नाही. फियाट पॅलिओ, १.६ जीटीएक्स, १६ वॉल्व्ह, १०० हॉर्सपॉवर. सचिनच्या सहीची एस-१० निघाली होती ती हिचीच सख्खी बहीण. चार दारं आणि मागे डिकी असलेल्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणावं का, यावर वाद घालणाऱ्यानं एकदा तिला तिसऱ्या गिअरमध्ये मोकळं सोडून बघावं आणि मग बोलावं. पेट्रोल पिते, कबूल. एमएच-२१ पासिंगच्या पॅलिओ आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही दिसत नाहीत, त्यामुळे सुटा भाग म्हटला की पुण्याच्या नाना पेठेत नाहीतर मुंबईत फोन, आणि मग ट्रॅव्हल्सच्या पार्सलची वाट पाहणं. पट्टा, त्याला ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच मागवायचे. पंपही याच पट्ट्यावर फिरतो. नव्या पट्ट्याखाली जुना पंप ठेवला तर तो गळायला लागल्यावर तेवढंच सगळं पुन्हा उघडावं लागतं.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाला आणि जुन्या गाड्या बाळगणाऱ्या आमच्यासारख्यांची झोप थोडी उडाली. गावात मोंढा ते भोकरदन नाका एवढ्या फेऱ्यांत पट्ट्याला कळतही नाही की आपण इंजिनात आहोत. समृद्धीवर १२०ची मुभा, ना सिग्नल, ना चढाची अडचण, तासन् तास एकाच सुरात इंजिन; त्यात मे महिन्याचं ऊन. मागच्या मालकानं पट्टा कधी घातला याची नोंद कुठेच नव्हती. नोंद नाही म्हणजे जुना, असं धरून चालायचं.

‘‘चालायलीय ना गाडी? मग कशाला खोलायलात, सर?’’ हा आमच्या ओळखीच्या मिस्त्रीचा सवाल. त्याचा रबरावर मुळात विश्वास नाही. सळयांच्या या गावात लोक लोखंडावर भरवसा ठेवतात, आणि त्यानं हात काळे केले ते जुन्या पद्मिनी गाडीवर. तिच्यात साखळी होती. ढिली झाली की खडखडायची, मग बघू म्हणायला वेळ मिळायचा. कंपनीनं इतक्या मोक्याच्या जागी रबर का बसवावं, हे त्याला पटत नाही. जीव ओतून काम करणारा माणूस, पण दुरुस्ती म्हणजे बिघडलेल्याची, ही त्याची व्याख्या पक्की. न बिघडलेल्याला हात लावायचा तर तो मालकानंच लावावा. मी लावला.

खरं काम पान्यांचं फार नाहीच. उजवं पुढचं चाक काढायचं, त्याच्या आतलं प्लास्टिक काढायचं, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक द्यायचा आणि त्या बाजूचं माउंटिंग सोडवायचं. क्रँक पुलीचा बोल्ट हट्टी असतो, त्याला लांब दांडा लागतो. कव्हर निघालं की पट्टा दिसतो, काळा, निरुपद्रवी. त्याला हात लावण्याआधी क्रँक खुणेवर आणून ठेवायचा आणि मग व्हाइटनरची बाटली काढायची. शाळेतली पोरं वापरतात तीच. क्रँकच्या दातावर एक ठिपका, कॅमच्या दातावर एक ठिपका, आणि त्यांच्यासमोर पट्ट्यावर तसेच ठिपके. जुना पट्टा उतरवला की दोन ठिपक्यांमधले दात बोटानं मोजायचे, नव्यावर तेवढेच मोजून ठिपके उतरवायचे, आणि पुन्हा मोजायचे, कारण मध्येच कुणीतरी चहा विचारायला येतं.

नवा चढवताना कॅम किंचित सरकू पाहतो. त्याच्यावर वॉल्व्हच्या स्प्रिंगांचा दाब असतो, त्याला आपल्या खुणेवर थांबायचं नसतं. ओढीची बाजू ताठ ठेवून, सैल बाजू टेन्शनरकडे येऊ द्यायची. ताण किती? नव्या टेन्शनरला त्यासाठी काटा असतो, पण जुन्या मिस्त्रींची रीत अशी की सगळ्यात लांब पदर चिमटीत धरून पिळायचा. पाव वळसा मिळावा, त्यापुढे जाऊ नये. मी दोन्ही करतो.

आणि मग ते, ज्यासाठी हे काम दुसऱ्याला देऊ नये असं मला वाटतं. चावी लावायची नाही. स्पार्क प्लग काढून ठेवलेले असतात, त्यामुळे दाब नसतो. क्रँकच्या बोल्टवर पाना घालून इंजिन हातानं फिरवायचं, पूर्ण दोन फेऱ्या, म्हणजे कॅमची एक. अगदी सावकाश. पान्याच्या दांड्यातून आतलं सगळं तळहाताला कळतं. एक कॅम चढतो तेव्हा जड लागतं, टोक ओलांडलं की दांडा आपसूक पुढे पळतो, पुन्हा जड, पुन्हा हलकं. या चढउतारात कुठे टणक, लोखंडी अडथळा लागला तर तिथेच थांबायचं. जोर केला की वॉल्व्ह वाकलाच. ड्रायव्हरच्या सीटवर बसून सेकंदाला पन्नास वेळा घडणारी गोष्ट इथे एकेकदा घडते, आणि ती आपल्याच मनगटानं घडवलेली असते. दुसरी फेरी संपते, ठिपके खुणांसमोर येतात. पट्ट्यावरचे ठिपके तेव्हा भलतीकडेच गेलेले असतात, त्याकडे बघून घाबरायचं नसतं. बघायच्या त्या पुलीवरच्या खुणा.

सगळं जोडून झालं, पाणी भरलं, चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. अगदी काल व्हायचं तसंच. ब्रेक बदलला तर पायाला कळतं, टायर बदलले तर स्टेअरिंगला. इथे आवाज तोच, ओढ तीच, अ‍ॅव्हरेज तेच रडकं. राजूरच्या गणपतीपर्यंत चक्कर मारून आलो, तर घरच्यांनी विचारलं, मग काय फरक पडला? या प्रश्नाला खरं उत्तर एकच, आणि ते ऐकून कुणाच्याही चेहऱ्यावर कौतुक उमटत नाही. मला मात्र मनापासून बरं वाटत होतं, आणि ते लपवायचं कसं ते समजत नव्हतं. बॉनेटच्या आतल्या बाजूला तारीख आणि किलोमीटर ऑइल पेंटनं लिहून टाकले, पुढच्या मालकाची तेवढी तरी सोय.

संध्याकाळी मिस्त्री आला. जुना पट्टा त्यानं उचलला, उलटा वाकवला, दातांच्या मुळाशी उजेडात न्याहाळलं. बारीक चिरा होत्या, पण दात सगळे शाबूत. ‘‘सर, ह्यो अजून धा हजार किलोमीटर सहज गेला असता,’’ तो म्हणाला. गेला असता कदाचित. नसता गेला हे दाखवायचा माझ्याजवळ काही उपाय नव्हता, आणि असा उपाय हाती येऊ नये म्हणूनच एवढा खटाटोप केला होता. मी काही बोललो नाही. तो पट्टा पुन्हा पुन्हा वाकवून बघत राहिला, मग त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि भावाला फोन लावला, ‘‘अरे, आपल्या इंडिकाचा पट्टा कवा टाकला होता रे?’’