वाईट असेल तर वाईट वाच

१९६२ सालची दिवाळी लढाईची बातमी घेऊनच आली. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला आणि आठवड्याभरात आकाशकंदील लागले. आमचे घर शिरूरचे, घोडनदीच्या काठचे. पण वडिलांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे तेव्हा आम्ही दौंडला होतो. शेजारच्या मावशींचा मुलगा नेफात लढत होता. मावशींना वाचता येत नसे. म्हणून रोज संध्याकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले.

१२ ऑक्टोबरला सिलोनला निघताना पंडित नेहरूंनी पत्रकारांना सांगितले होते, की आपला मुलूख मोकळा करण्याचा हुकूम सैन्याला दिला आहे. ते वाचताना माझी छाती फुगली होती. पुढे ठाणी पडू लागली, तरी बातमीत शौर्याचेच शब्द पुढे असत.

मात्र सरकारला नावे ठेवण्याआधी मी स्वतःचे सांगितले पाहिजे. नोव्हेंबरात से ला आणि बोमदिला पडले. ती ओळ मी गाळली आणि ‘आपले जवान धीराने लढत आहेत’ असे मनचेच वाचले.

मावशी म्हणाल्या, “अरे बाळा, मग काल रेडिओ ऐकताना तुझी आई का रडत होती?”

मी गप्प बसलो.

“वाईट असेल तर वाईट वाच. मी घाबरेन, पण उद्या चांगलं वाचलंस, तर ते तरी मला खरं वाटू दे.”

दौंड स्टेशनातून जाणाऱ्या लष्करी गाड्या कुठे निघाल्या, हे विचारायचे नाही, अशी वडिलांची ताकीद असे. ती योग्यच होती. उद्याची चाल झाकावीच लागते. पण काल पडलेले ठाणे शत्रूला आपल्याआधी ठाऊक असते. ते झाकायचे ते फक्त घरच्यांपासून!

मावशींचा मुलगा १९६३ साली चीनच्या कैदेतून परतला. सुती कपडे आणि कॅनव्हासचे बूट घालून बर्फात लढल्याची हकीकत आम्ही प्रथम त्याच्या तोंडून ऐकली.

त्याच वर्षी हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांनी पराभवाचा अहवाल दिला. २०१४ साली मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्याचा काही भाग उघड केला. पण साठ वर्षे उलटली, सरकारे बदलली, तरी कोणत्याच सरकारने तो अहवाल प्रसिद्ध केलेला नाही.

मावशी आज नाहीत. विजयाची बातमी वाचली, की मात्र मला त्यांच्यासमोर ओळ गाळून बसलेला तो मुलगा आठवतो, आणि मी तीच बातमी पुन्हा एकदा वाचतो.